मातीतून गादीवर : खाशाबा जाधव यांची कारकीर्द

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना गावोगावच्या जत्रांतील फडांवर ते खेळू लागले. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे आणि निरोप पोचवणे ही कामेही त्यांनी केली. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापूर ही त्या काळी कुस्तीची राजधानीच होती. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला होता आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभारले होते. इथली कुस्ती मात्र मातीतली. वेळेचे बंधन नसे, गुण मोजले जात नसत. पाठ जमिनीला टेकली की निकाल. प्रतिस्पर्ध्याचा लंगोट किंवा जांघ्या पकडून डाव टाकता येई आणि घामाने अंग निसटू लागले की मूठभर माती अंगावर टाकून पकड घट्ट करता येई. ऑलिम्पिकमधील फ्रीस्टाइल कुस्तीत यातले काहीच चालत नव्हते. तिथे गादी होती, पायात बूट होते, पोशाखाला हात लावायला मनाई होती आणि लढत पंधरा मिनिटांची होती. तेवढ्या वेळात कोणी चीत झाले नाही, तर तीन पंच निर्णय देत. मातीतला मल्ल तासभर जोड धरून समोरच्याला दमवू शकतो. गादीवर ती सवड मिळत नाही. खाशाबांच्या पाठीशी बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे शिक्षण होते, पण तेही मातीवरचेच.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने मार्गदर्शन केले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही मात केली. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते हरले. सहावा क्रमांक मिळाला. ज्याच्या पायांना गादीची सवय नव्हती, अशा बावीस वर्षांच्या मल्लासाठी ही कामगिरी थोडीथोडकी नव्हती. परतल्यावर त्यांनी वजन वाढवले आणि ५७ किलोच्या बँटमवेट गटाची तयारी सुरू केली.

पुढची चार वर्षे मैदानाबाहेरच्या अडचणींची होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पैलवानांचा पिढीजात आश्रयदाता नाहीसा झाला. त्याची जागा घेणारी दुसरी व्यवस्था अजून उभी राहायची होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाणारा संघ निवडताना खाशाबांना डावलले गेले. मद्रासच्या स्पर्धेत ते अवघ्या एका गुणाने हरल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि तीत त्यांनी निरंजन दासला हरवले. निवड झाली, पण प्रवासाला पैसे नव्हते. गोळेश्वर-कराड परिसरात वर्गणी गोळा झाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. सरकारी तिजोरीने जिथे हात आखडता घेतला तिथे एका शिक्षकाने घर पणाला लावले, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगितली जाते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन आणि मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो यांना चीत केले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर त्यांचा विजय पंचांच्या निर्णयाने झाला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता : प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घ्यायची आणि अंग वळवून त्याला फेकायचे. पोशाख न धरताही तो टाकता येतो, त्यामुळे मातीतले हे कसब गादीवरही कामी आले. अखेरच्या टप्प्यात त्यांच्यासमोर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव हे दोघे होते. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. ती न देताच खाशाबांना पुन्हा गादीवर बोलावले गेले आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. दोन्ही लढती ते हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले, आणि म्हणून त्यांचे नावही फारसे घेतले जात नाही.

कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने स्वागत झाले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी सुरू होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती थांबली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. पोलीस सेवेची सत्तावीस वर्षे त्यांनी पूर्ण केली. बढत्या मात्र फार उशिरा मिळाल्या; सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल नेणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

दरम्यान कोल्हापूर-सांगलीचे मल्ल गादीवर रुळू लागले होते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकले, तर गणपत आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये. ऑलिम्पिकमधील वैयक्तिक पदकासाठी मात्र भारताला १९९६ मध्ये लिअँडर पेसपर्यंत आणि कुस्तीतील पदकासाठी २००८ मध्ये सुशील कुमारपर्यंत थांबावे लागले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार २००० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात बांधलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.