बरणीतल्या मिठाची जकात

'लोणचे' या शब्दाच्या पोटात आंबा नाही, लिंबू नाही, तेल नाही आणि तिखटही नाही. त्यात आहे ते केवळ लवण. संस्कृत 'लवण' प्राकृतातून झिजत झिजत 'लोण' झाले, त्यावरून मराठीने या पदार्थाचे नाव घडविले, आणि ते घडविताना फळाला मान न देता फळ टिकविणाऱ्या द्रव्याला दिला. यावरून या पदार्थाचे मर्म कोठे साठविलेले आहे हे आपल्या पूर्वजांना नेमके ठाऊक होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते एका अंड्याच्या बरणीचे. गेल्या वैशाखात बोदवडला मावशीकडे गेलो असता, पुण्याला नोकरी करणारा तिचा नातू सुटीवर आला होता. त्याने डझनभर अंडी उकडून, सोलून, शिरक्यात बुडवून काचेच्या बरणीत भरली आणि 'आजी, हे अंड्याचं लोणचं' असे म्हणून ती बरणी फडताळात, कैरीच्या बरणीच्या शेजारी नेऊन ठेवली. मावशीने चष्म्यावरून त्या बरणीकडे एकवार पाहिले आणि एवढेच म्हटले, "ते फडतायात ठेवू नको बाप्पा." त्या बरणीचे पुढे काय झाले ते सांगेनच, परंतु तत्पूर्वी कैरीच्या बरणीचा इतिहास सांगणे प्राप्त आहे, कारण एकीचे मर्म दुसरीवाचून कळत नाही.

बोदवड हा तापीच्या दक्षिणेचा मुलूख. उत्तरेस चांगदेवापाशी तापी-पूर्णेचा संगम, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रेघ, पूर्वेस मलकापूर लागले की वऱ्हाड, आणि मध्ये कापूस पिकविणारी काळी कसदार जमीन. या जमिनीने ज्वारी दिली, तूर दिली, तीळ-करडई दिली, आमरायांतून गावरान कैरी दिली. एक मीठ मात्र तिला देता आले नाही. समुद्र शेकडो मैल दूर. कोकणच्या मिठागरांतले मीठ लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून घाट चढून वर येई, आणि ज्या बैलांनी ते आणले तेच बैल परतताना देशावरचे धान्य वाहून नेत. प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक उतारावर या गोण्यांनी काही ना काही जकात भरलेली असे. त्यामुळे कसब्याच्या बाजारात मिठाचा खडा पोहोचेपर्यंत त्याच्या अंगी समुद्राच्या खारेपणाइतकाच सरकारदरबारचा खारेपणाही मुरलेला असे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला आणि या खारेपणाला नवे, अधिक पद्धतशीर रूप प्राप्त झाले. मुंबई इलाख्यात १८४४ साली मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करताच सुरतेत दंगल उसळली. तरी पुढे कर चढत गेला आणि १८६९ मध्ये एक रुपया तेरा आण्यांवर येऊन ठेपला. उत्तर हिंदुस्थानात हाच कर याहूनही जबर होता, आणि म्हणून स्वस्त मीठ महाग मुलखात चोरून शिरू नये यासाठी सरकारने जी तजवीज केली ती जगाच्या इतिहासातही विरळा म्हणावी लागेल. सिंधूकाठापासून निघून थेट आपल्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत काटेरी झाडांचे एक अजस्र कुंपण उभे करण्यात आले. अंतर्गत जकातीची ही रेषा पुढे महानदीच्या खोऱ्यापर्यंत जाई. तिची एकंदर लांबी दोन हजार मैलांहून अधिक भरे आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्यास असत. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर अशी जी झाडे त्या त्या मातीत जगतील ती लावून, पाणी घालून, छाटून हे कुंपण वाढविले जाई. आणि वाळक्या काट्यांच्या जागी जिवंत झाडी आणण्याच्या कामी ज्या अधिकाऱ्याने विशेष परिश्रम घेतले त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हेच ह्यूमसाहेब पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत अग्रभागी दिसतात, आणि त्याच राष्ट्रीय सभेने १९३० मध्ये मिठाचाच कायदा मोडला, हा योगायोग इतिहासपुरुषाच्या विनोदबुद्धीची साक्ष देणारा आहे. ज्या करवंदाचे लोणचे घालावयाचे, त्याच करवंदाची जाळी मीठ अडविण्यासाठी शिपाई राखीत होते!

१ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा उठली. परंतु कुंपण जाण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे दर एकमेकांच्या जवळ आणणे भाग होते, आणि ते आणताना उत्तरेकडचा कर थोडा उतरला तरी मुंबई इलाख्यातील एक रुपया तेरा आण्यांचा एकदम अडीच रुपये झाला. तोही कोणत्या समयी, तर १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने दख्खन होरपळून निघत असताना. आता मण चाळीस शेरांचा आणि अडीच रुपयांचे आणे चाळीस. म्हणजे मिठाच्या दर शेरामागे नुसता कर एक आणा पडला. हा हिशेब घरातल्या बरणीला लावून पाहावा. पाच शेर फोडींना सव्वा शेर मीठ हे जुने प्रमाण धरले, तर प्रत्येक बरणीमागे पाच पैसे सरकारात जमा होत. पाच पैसे ही रक्कम आज हसण्यावारी जाईल. पण ज्या घरी भाकरीबरोबर लोणच्याची एक फोड हेच कालवण असे, त्या घरी ते पाच पैसे मोजूनच द्यावे लागत. १८८२ मध्ये कर दोन रुपयांवर उतरला, १८८८ मध्ये पुन्हा अडीचवर चढला, पुढे १९०७ पर्यंत घटत घटत एक रुपयावर आला, १९२३ मध्ये एका वर्षापुरता परत अडीच झाला, आणि १९४७ च्या एप्रिलात एकदाचा नाहीसा झाला. ज्या वर्षी स्वराज्य आले त्या वर्षीचे लोणचे हे कित्येक पिढ्यांतले पहिले बिनजकातीचे लोणचे होय.

मध्यंतरी आगगाडी आली. कल्याणहून थळ घाट चढून भुसावळकडे आलेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास भिडला आणि बोदवड त्या मार्गावर पडले. कापसाच्या गठड्या मुंबईकडे जाऊ लागल्या, आणि येताना मालडब्यांतून मीठ उतरू लागले. लमाणांचे तांडे हळूहळू वाटेवरून दिसेनासे झाले. बरणीत पडणाऱ्या इतर जिनसांचे मूळ शोधू गेल्यास तेही असेच दूरदूरचे निघते. हिंग अफगाणिस्तान-इराणकडचा. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. तिच्यापूर्वी तिखटपणाची भिस्त मिरी-मोहरीवर. तेल मात्र गावच्या घाण्याचे, तिळाचे नाही तर करडईचे. भुईमुगाचे तेल सर्रास झाले ते विसाव्या शतकात. मर्तबान हा बरणीवाचक शब्द तर ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचे नाव मिरवितो, कारण लुकणदार मोठ्या बरण्या एके काळी त्या बंदरातून जगभर जात. एका बरणीत इतके देश नांदत असताना तिला 'घरचे लोणचे' म्हणावयाचे ते कशामुळे, याचे उत्तर जिनसांत नाही, हातात आहे.

तो हात मी जवळून पाहिला आहे. रोहिणी नक्षत्र निम्मे सरले, बिबड्या-कुरडयांची वाळवणे डब्यांत गेली, की बाजारातून कैरी येई. घट्ट, आंबट, आणि आतली कोय धरलेली. कोवळी बाठ असलेली कैरी मावशी हाताने दाबूनच परत टाकी. कैऱ्या पाण्यात बुडवून, एकेक पुसून, बाजेवर पसरून त्यांच्यावरचा पाण्याचा अंश पार जाईपर्यंत कोणी त्यांना हात लावावयाचा नाही. मग ओट्यावर मोठा अडकित्ता मांडला जाई आणि कोयीसकट फोडी पडू लागत. कोयीचे कवच फोडीला चिकटून राहिले तरच ती वर्षअखेरपर्यंत लिबलिबीत होत नाही. बरणी कडकडीत उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी दिली जाई. मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, आणि सर्वांच्या अगोदर मीठ. ते वाटीने मोजले तरी शेवटची मूठ ती नजरेने टाकी. "मीठ कमी पडलं त बरनी जाते, जास्त पडलं त नुसतं तोंड जाते," हा तिचा सिद्धांत. चार दिवसांनी खार सुटला, की फोडणीचे तेल पूर्ण थंड करून फोडींवर चार बोटे उभे राहील इतके ओतावयाचे, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधावयाचा, आणि पुढे वर्षभर ओला हात, ओला डाव व उष्टा चमचा यांना तिच्या आसपास मज्जाव.

या शिस्तीत जसे शहाणपण होते तसा अन्यायही होता. 'बाहेरची' झालेल्या स्त्रीची सावलीसुद्धा बरणीवर पडू नये, विधवेने ती पहिल्यांदा उघडू नये, असले दंडक त्याच दादऱ्याच्या गाठीत बांधलेले असत. आणि लोणचे नासले की दोष पाण्याच्या थेंबाला न देता घरातल्या एखाद्या मुकाट बाईला दिला जाई. हे ज्ञान ग्रंथांत उतरले तेही उशिरा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे, आणि घराघरांत पोहोचलेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. तोवर प्रमाण होते ते सासूच्या मुठीचे, आणि ती मूठ सुनेला दिसावी एवढीच काय ती पाठशाळा.

आता अंड्याकडे वळू. शिरक्यातील अंडे हे मूळचे थंड मुलखातले. तिकडे हिवाळ्यात दिवस आखूड झाला की कोंबडीचे अंडी घालणे जवळजवळ थांबते. म्हणून वसंतातली अंडी कधी चुन्याच्या निवळीत, कधी शिरक्यात ठेवून देण्याची चाल पडली. इंग्लंडातील मद्यगृहांत अशा अंड्यांची काचेची बरणी गल्ल्यापाशीच असे. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाचे शेतकरी ती बीटाच्या रसात तांबडी करीत. चीनमध्ये बदकाची अंडी मीठ कालवलेल्या मातीत लिंपीत. आपल्याकडे शिरका वापरणारा मुलूख म्हणजे गोवा आणि वसई, जेथे माडीच्या शिरक्यात मासळीही मुरते. खानदेशात परसातली कोंबडी जेथे होती तेथे अंडे त्याच दिवशी तव्यावर गेले अथवा आठवडी बाजारात विकले गेले. ते साठवावे अशी निकड कोणास भासली नाही.

आणि निकड भासली असती तरी आपली बरणी त्याच्या कामी आली नसती. कैरी स्वतःच आंबट; मीठ आणि तेल तिच्या आंबटपणाची फक्त पाठराखण करतात. अंड्याच्या ठायी आंबटपणाचा लेश नाही, पांढरा बलक तर उलट क्षारधर्मी. त्याला आंबट करावयाचे ते सर्वस्वी शिरक्याने, आणि तो पिवळ्या बलकाच्या मध्यापर्यंत झिरपण्यास दिवसच्या दिवस लागतात. तोवर ऊब मिळाली आणि हवा तुटली, तर बॉट्युलिनम जातीचा जंतू आतल्या आत प्राणघातक विष तयार करू शकतो. १९९७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका गृहस्थाने शिरका लवकर मुरावा म्हणून घरच्या उकडलेल्या अंड्यांना काडीने टोचे मारले, बरणी बाहेरच ठेवली, आणि ती अंडी खाऊन तो या विषबाधेने अंथरुणास खिळला. टोच्यांच्या वाटेने जंतू नेमका पिवळ्या बलकात पोहोचला असावा, असा वैद्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे जो तेलाचा थर हवा तोडून कैरीला राखतो, तोच अंड्याच्या मुळावर येईल. म्हणून अंडे पक्के उकडावे, टोचू नये, निर्जंतुक केलेल्या बरणीत घालून उकळता शिरका ओतावा, आणि बरणी लागलीच शीतकपाटात ठेवावी. लहान अंडी आठ-पंधरा दिवसांत मुरतात, मोठ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, आणि तीन-चार महिन्यांच्या आत ती संपवावी लागतात.

मावशीला यातले काही ठाऊक नव्हते. वैशाखातले फडताळ दुपारी किती तापते एवढेच ठाऊक होते. चौथ्या दिवशी शिरका गढूळला, झाकणाखाली फेस आला, आणि नातवाने ती बरणी न चाखता उकिरड्यात नेऊन पुरली. दुसरी बरणी त्याने शास्त्रोक्त भरून शीतकपाटात ठेवली आणि तीन आठवड्यांनी एक अंडे चिरून ताटलीत घालून सर्वांपुढे केले. मावशी अंडे खात नाही, तिने फक्त विचारले, "मीठ किती घातलं यात?" तो म्हणाला, "चवीपुरतं, एक चमचा." "मंग याले लोनचं म्हनू नाही," ती म्हणाली, "हे शिरक्यातलं अंडं," आणि दादऱ्याची गाठ सोडून तिने कोरड्या डावाने त्याच्या भाकरीवर कैरीची एक फोड वाढली.