गतकाळचे राष्ट्रपती : धातूत आणि स्मृतीत

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग होय. मंडळाच्या माजी अध्यक्षांची नावे अशा वेळी आपण आदराने उच्चारतो. मात्र नुसत्या उच्चाराने स्मृती टिकत नाही, तिला काही आधार लागतो. अमेरिकेच्या टाकसाळीने हा आधार ब्राँझमध्ये शोधला. तेथील मूळनिवासी जमातींच्या प्रमुखांना देण्यासाठी राष्ट्राध्यक्षाची मुखाकृती असलेली रौप्यपदके पाडली जात. पुढे त्याच परंपरेतील ब्राँझची पदके सामान्य नागरिकांसही विकत मिळू लागली आणि एकामागून एक अध्यक्ष संग्राहकांच्या पेटीत ओळीने येऊन बसले.

आमच्या जबलपूरने हीच ओळ एकदा हत्तींच्या रूपाने पाहिली. मार्च १९३९ मध्ये नजीकच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षांस 'राष्ट्रपती' म्हणत. अधिवेशनाच्या क्रमांकास साजेशी बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. परंतु १५८० विरुद्ध १३७७ मतांनी निवडून आलेले सुभाषबाबू तापाने अंथरुणास खिळलेले होते. रथात त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर होती. त्यांचे अध्यक्षीय भाषणही बंधू शरदबाबूंनी वाचले. पुढे २९ एप्रिल रोजी सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. ज्यांच्या सन्मानार्थ हत्ती निघाले, तेच दोन महिन्यांच्या आत माजी अध्यक्षांच्या मालिकेत जाऊन बसले.

संग्राहकाच्या दृष्टीने ही मालिका मोठी उद्बोधक आहे. अधिवेशने बावन्न असली, तरी अध्यक्ष तितके नव्हते. दादाभाई नौरोजींनी ते पद १८८६, १८९३ व १९०६ असे तीनदा भूषविले. नामदार गोखले १९०५ मध्ये बनारसला, तर अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरला अध्यक्ष होते. लोकमान्यांची १९१८ साली निवड झाली, पण ते विलायतेस गेल्यामुळे तो मान मालवीयजींकडे गेला. एखाद्या पदकावर हे सारे कसे कोरावे? मुखाकृती उमटते; हुकलेली संधी उमटत नाही.

त्रिपुरीच्या, म्हणजे आजच्या तेवर गावच्या, प्राचीन तांब्याच्या नाण्यांवर ब्राह्मी लिपीत केवळ नगरीचे नाव आढळते. राजे गेले, नगरीचे नाव मात्र धातूत राहिले. १९३९ च्या त्या सोहळ्याची खूण म्हणून शहरात कमानिया गेट उभे आहे. हत्तींच्या पायांची धूळ केव्हाच बसली.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरोघरच्या ट्रंकांतून अधिवेशनांचे बिल्ले, संस्थांची पदके, सत्काराची स्मृतिचिन्हे पडून असतात. ब्राँझवर चढलेला काळसर रंग ही मळाची पुटे समजून चिंचेने घासू नयेत. तो रंग म्हणजे त्या धातूचे वय आहे. आणि मोडीत देण्यापूर्वी ते कोणास, कोठे, कोणत्या साली मिळाले एवढे तरी एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. मायभूमीपासून दूर आलेल्या आपणा कुटुंबांजवळ वाडे नाहीत, वतने नाहीत. आहेत त्या अशा चिठ्ठ्याच. पुढील पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांस आपली ओळख पटेल, ती बहुधा त्यांच्यावरूनच.