आरसी टँक घेताय? आधी हे वाचा

आरसी टँक म्हणजे रिमोटवर चालणारा मॉडेल रणगाडा. हौशी मंडळींचं आवडतं माप १:१६, म्हणजे लांबी खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढी. यात स्टिअरिंग नसतं. दोन पट्ट्यांना दोन वेगळ्या मोटर असतात. एक थांबवली की टँक वळतो, दोन्ही विरुद्ध दिशांना फिरवल्या की जागच्या जागी गिरकी घेतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा बघा. एकाच मैदानात अनेक टँक चालवता येतात.

केळवे-चिंचणीच्या किनाऱ्यावर मी टँक नेत नाही. रेती गिअरमध्ये अडकते, खारं पाणी सर्किट गंजवतं. पालघर-बोईसरचं कोरडं मातीचं मैदानच बरं.

सगळ्यात महत्त्वाचं: लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी आग लावू शकते, ती पुन्हा वापरू नका.