सरावाचा साथीदार : बॅले, व्हायोलिन आणि पियानो

माझी भाची गेल्या वर्षी शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा आणि बॅलेचा सराव आला. आठवड्यातून दोनदा ती वर्गाला जाते. उरलेले दिवस दिवाणखान्यातल्या जड खुर्चीची पाठ धरून घरीच सराव करते. आमची फरशी कठीण, खालच्या मजल्यावर वृद्ध दांपत्य, त्यामुळे उड्या बंद आणि संगीतही बेताचेच. एके दिवशी ती म्हणाली, “मावशी, तू एवढे जुने संगीत धुंडाळत असतेस. मला शांत पियानोचे काही तुकडे निवडून दे ना.”

मी आनंदाने कामाला लागले. पियानो मी शिकलेले नाही. नोकरी सांभाळून जे वाचले आणि ऐकले तेवढीच माझी पुंजी. शांत आणि अभिजात म्हटल्यावर पहिले नाव सुचले ते शोपँचे. 1832 साली प्रसिद्ध झालेले त्याचे ई-फ्लॅट मेजरमधले नॉक्टर्न, म्हणजे निशागीत, मी लावून दिले. भाचीने दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबली आणि म्हणाली, “सुंदर आहे गं, पण यात पाय कुठे ठेवू?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी बॅलेच्या वर्गातल्या साथीच्या इतिहासात शिरले. नृत्यनाट्यांचा आणि नर्तिकांचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. रोज सकाळी दांडा धरून पाय घासणाऱ्या मुलींसाठी कोण वाजवत होते आणि काय वाजवत होते, याकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. हा लेख त्याविषयी आहे.

बॅलेच्या वर्गाबरोबर आपल्याला पियानो इतका सहज आठवतो की दोघे एकत्रच जन्मले असावेत असे वाटते. तसे नाही. चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये 1661 साली नृत्याची राजेशाही अकादमी स्थापन केली, तेव्हा आजच्या अर्थाने पियानो अस्तित्वातच नव्हता. नृत्यगुरूच्या हाती असे ते व्हायोलिन. त्यातही एक खास छोटे, अरुंद व्हायोलिन होते. त्याचे फ्रेंच नाव पोशेत, म्हणजे छोटा खिसा. गुरुजी कोटाच्या लांब खिशात ते घालून सरदारांच्या घरी शिकवणीला जात. स्वतःच वाजवत, स्वतःच पावले सांगत आणि वेळ पडली तर त्याच गजाने लय ठोकून दाखवत.

या व्यवस्थेत शिक्षक आणि साथीदार ही दोन माणसे नव्हती. शिष्याचा पाय डगमगला की गज आपोआप सावकाश फिरे, कारण पाहणारे डोळे आणि वाजवणारे हात एकाच माणसाचे होते. तोटाही उघड होता. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असताना शिष्याचा गुडघा किंवा खांदा हाताने धरून सरळ करता येत नसे.

एकोणिसाव्या शतकातही व्हायोलिन टिकून राहिले, फक्त ते आता वेगळ्या वादकाच्या हाती गेले. पॅरिसच्या ऑपेरात नवे बॅले बसवताना संपूर्ण वाद्यवृंद रोज बोलावणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून सगळ्या संगीताचा सारांश एकदोन व्हायोलिनांसाठी उतरवून घेत. अशा तालीम-प्रतींना ‘रेपेतितर’ म्हणत, आणि त्यांत पावलांविषयीच्या नोंदीही सापडतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये पेतिपाच्या तालमींनाही दोन व्हायोलिने असत. आज वाद्यवृंदाच्या गजरात ऐकू येणारे कितीतरी संगीत नर्तकांच्या अंगवळणी पडले ते दोन व्हायोलिनांवर.

एडगर देगा या चित्रकाराने हे वर्ग जवळून पाहिले होते. त्याच्या 1872 सालच्या एका चित्रात ऑपेराच्या नृत्यकक्षात शिक्षकाशेजारी व्हायोलिनवादक बसलेला आहे. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातल्या ‘तालीम’ या चित्रात तर म्हातारा वादक अगदी पुढे, कोपऱ्यात आहे. पण मला अधिक बोलके वाटते ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले 1873 ते 1876 या काळातले ‘नृत्यवर्ग’ हे चित्र. मध्यभागी लांब काठीवर रेललेले वृद्ध गुरू ज्यूल पेरो. ‘जिझेल’च्या नृत्यरचनेत त्यांचा मोठा वाटा होता. फरशीवर धूळ बसवण्यासाठी पाण्याची झारी. आणि डाव्या बाजूला एक मुलगी पाठ खाजवत बसली आहे, ती चक्क पियानोवर! पियानो वर्गात पोहोचला आहे, पण चित्रातल्या त्या क्षणी त्याचा उपयोग बैठक म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत पियानोने व्हायोलिनची जागा हळूहळू घेतली. भिंतीला टेकून ठेवायचे उभे पियानो घरोघरी आणि शाळांत पोहोचले होते, हे एक कारण. दुसरे कारण संगीताच्या घडणीत आहे. व्हायोलिनवर मुख्यतः सुरावट वाजते. पियानोवर उजवा हात सुरावट गात असताना डावा हात खालून ठेका आणि स्वरसंगती देतो. वाक्य आता संपत आले, आता वळणार, हे स्वरसंगतीच्या चालीवरून नर्तकाला आधीच कळते. वाक्याच्या शेवटी त्याला पाय मिटून स्थिर उभे राहायचे असते, त्यामुळे ही पूर्वसूचना फार मोलाची.

पण पियानो खिशात मावत नाही, आणि गुरूने तो वाजवत वर्गात फिरणे शक्य नाही. म्हणून तिसरे माणूस आले : वर्गाचा पियानोवादक. याची नजर सतत सुरांच्या कागदावर असून चालत नाही, ती पायांवर लागते. शिक्षकाने हाताने नुसती हालचाल दाखवली की त्यावरून मात्रा, गती आणि भाव ओळखून दुसऱ्या क्षणी योग्य तुकडा काढायचा, आधी चार मात्रांची नांदी द्यायची, सोळा किंवा बत्तीस मापांत आटोपायचे आणि तेच डाव्या पायासाठी पुन्हा वाजवायचे. मैफलीत या वादकाचे नाव लागत नाही. वर्ग मात्र त्याच्याशिवाय चालत नाही.

आता शोपँकडे वळू. ज्याच्या निशागीतावर माझी भाची अडखळली, तोच शोपँ आज बॅलेचा हक्काचा संगीतकार समजला जातो. हेही नाते मुळातले नाही. निशागीत या प्रकाराचा जनक जॉन फील्ड हा आयर्लंडचा. त्याची बरीच हयात रशियात गेली. शोपँने त्याचा साचा घेऊन एकवीस निशागीते रचली, ती दिवाणखान्यात बसून ऐकण्यासाठी. त्या काळी बॅलेचे संगीत लिहिणारे लोक वेगळे असत. सेंट पीटर्सबर्गच्या राजेशाही नाट्यगृहांत तर त्यासाठी पगारी पद होते. मिंकुस 1871 ते 1886 त्या पदावर होता. पावले मोजून, मापे ठरवून संगीत बेतायचे हे त्याचे काम.

इझाडोरा डंकनने शोपँच्या संगीतावर अनवाणी नाच केला, तेव्हा पुष्कळांना तो संगीताचा अपमान वाटला. तिचे कार्यक्रम रशियात झाल्यानंतर काही वर्षांतच, 1907 साली, मिखाइल फोकिनने ‘शोपिनियाना’ बसवला. ग्लाझुनोव्हने शोपँच्या काही रचना वाद्यवृंदासाठी बांधल्या होत्या, त्यांचा आधार त्याने घेतला आणि सी-शार्प मायनरमधला वॉल्ट्झ त्यात वाढवला. 2 जून 1909 रोजी दियागिलेव्हच्या मंडळीने पॅरिसमध्ये त्याचे बदललेले रूप ‘ले सिल्फिद’ या नावाने सादर केले. त्यात पाव्हलोवा, कार्साव्हिना आणि निजिन्स्की होते. कथानक नाही, फक्त पांढऱ्या झग्यातल्या आकृती आणि शोपँ. हळुवार पियानो म्हणजे बॅले हे समीकरण आपल्या मनात रुजले त्यात या कलाकृतीचा मोठा हात आहे. पुढे जेरोम रॉबिन्सने 1969 मध्ये ‘डान्सेस अ‍ॅट अ गॅदरिंग’ शोपँवरच रचले. फ्रेडरिक ॲश्टनने 1965 मध्ये सातीच्या ‘जिम्नोपेदी’वर संथ त्रिनृत्य बसवले.

इथेच माझी चूक झाली होती. रंगमंचावर जे शोभते ते सरावाला चालतेच असे नाही. बॅलेचा वर्ग ठरलेल्या क्रमाने चालतो आणि प्रत्येक व्यायामाची लय वेगळी असते. गुडघे वाकवण्याच्या प्लिएला विलंबित, अखंड वाहणारे संगीत लागते. जमिनीवर पायाने वर्तुळ काढण्याच्या राँ द जाँबला तीन मात्रांचा संथ वॉल्ट्झ. पाऊल झटकन बाहेर फेकण्याच्या फ्रापेला दोन मात्रांची टोकदार, खट्याळ चाल. पाय उंच उडवण्याच्या ग्राँ बातमाँला कूचगीताचा जोर. सगळाच सराव शांत संगीतावर केला तर पायही शांत होतात. फ्रापेतली धार बोथट होते आणि मुलीला वाटते आपण सुंदर करतो आहोत. म्हणजे ‘शांत’ हा गुण व्यायामागणिक ठरतो. तो मी सगळ्या तासभरावर पांघरुणासारखा घातला होता.

दुसरी अडचण लयीच्या लवचिकपणाची. निशागीत वाजवताना कलावंत सुरावट ओढतो, सोडतो. शोपँच्या शिष्यांनी सांगून ठेवले आहे की डावा हात लय सांभाळो, उजव्याने मोकळे गावे, असा त्याचा आग्रह असे. ध्वनिमुद्रणांत पुष्कळदा दोन्ही हात झुलतात. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या मुलीने किती काळ थांबायचे, हे मग वादकाच्या लहरीवर ठरते.

याबाबतीत आपल्याकडचा दाखला मला फार उपयोगी पडला. कथकच्या रियाजाला सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा धरतात. सोळा मात्रांचे एकच आवर्तन पुन्हा पुन्हा, नटवल्याशिवाय. ऐकणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल, पण नाचणाऱ्याला समेची खात्री असते. या खात्रीवरच तो सगळे धाडस करतो. युरोपातही याला जवळची एक परंपरा आहे. कोपनहेगनच्या ऑगस्ट बूर्नोनव्हिलच्या मृत्यूनंतर त्याच्या शिष्यपरंपरेने सोमवार ते शनिवार असे सहा ठरीव वर्ग बांधले. प्रत्येक वाराचे व्यायाम ठरलेले आणि त्यांचे संगीतही ठरलेले. रोजची साथ परिचित असावी, ही समज दोन्हीकडे दिसते.

हे दोन प्रवाह महाराष्ट्रात एकमेकांच्या जवळूनही गेले आहेत. पाव्हलोवा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत आल्या. त्यांच्या प्रोत्साहनाने मुंबईच्या लीला सोखी, म्हणजेच मादाम मेनका, नृत्याकडे गंभीरपणे वळल्या. पण त्यांनी बॅलेची पावले उचलली नाहीत. त्यांनी कथकचा रियाज केला, त्यातून नृत्यनाट्ये उभी केली आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली.

मग आमच्या दिवाणखान्यासाठी काय निवडले? उत्तर शूबर्टपाशी सापडले. व्हिएन्नात मित्रांच्या घरी जमलेल्या मंडळींच्या नाचासाठी तो पियानो वाजवायला बसे. त्याचे छोटे वॉल्ट्झ आणि लेंडलर या वातावरणातले आहेत. 1821 साली छापल्या गेलेल्या त्याच्या एका संग्रहात असे छत्तीस तुकडे आहेत. बहुतेकांची घडण आठ अधिक आठ मापांची. घर, पियानो आणि नाच हे तिन्ही त्यांत मुळापासून एकत्र आहेत. राँ द जाँबला ते चपखल बसले. शोपँचे ए-मेजरमधले सोळा मापांचे प्रिल्यूड ‘ले सिल्फिद’मध्ये आहे. ते वर्गाच्या शेवटच्या नमनासाठी ठेवले. फ्रेडरिक बुर्गम्यूलरचे लहान मुलांसाठीचे पियानोधडे फ्रापेला आणि इतर चपळ कामांना लागले. याच बुर्गम्यूलरचे संगीत 1841 च्या ‘जिझेल’मधल्या शेतकरी जोडीच्या नृत्याला आहे. नाचणाऱ्याची गरज त्याला ठाऊक होती. ई-फ्लॅटचे निशागीत आम्ही टाकले नाही. सराव संपल्यावर ती जमिनीवर पाय पसरून बसते, तेव्हा ते लावतो.

तरी एक गोष्ट राहिली. ही सगळी मैफलीची ध्वनिमुद्रणे. त्यांत चार मात्रांची नांदी नाही, डाव्या पायासाठी पुनरावृत्ती नाही. आणि पाहणारे डोळे तर नाहीतच. पोशेतवाल्या गुरूपासून वर्गाच्या पियानोवादकापर्यंत अडीचशे वर्षांत वाद्य बदलले, माणूस बदलला, पण वाजवणारा नाचणाऱ्याकडे पाहत होता. घरातल्या सरावात ती नजर तेवढी गळून पडली.

म्हणून आता सायंकाळी मी हातातले वाचन बाजूला ठेवून खुर्चीसमोर बसते. ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणते आणि कळ दाबते. तिचा टाचेवरचा भार हलला तर संगीत थांबवते. मला पायांतले फारसे कळत नाही, पण लक्ष असले की थोडेसे दिसू लागते. परवा पहिली बाजू झाल्यावर मी टिपणवहीकडे वळले, तर मागून आवाज आला, “मावशी, डावा पाय राहिलाय.” मी तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.