धर्मगुरूंवांचून दोनशें वर्षें

वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर रक्तसाक्षी झाले, हें आपण जाणतोंच. पुढें १६१४ सालीं तेथें धर्मबंदी झाली. १६४४ नंतर भाविकांमध्यें एकही धर्मगुरु उरला नाहीं. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं! गृहस्थच बालकांस स्नानसंस्कार देत. सरकारी अंमलदार दरवर्षीं पवित्र चित्रें पायांखालीं तुडविण्यास लावीत. घरीं परतून तीं कुटुंबें पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, व तीच मुलांकडून पाठ करवून घेत. आम्ही देवळांचे इतिहास हौसेनें लिहितों. त्या माउल्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं? १८६५ सालच्या १७ मार्चला नागासाकीजवळच्या उराकामीचे कांहीं खेडूत औरा येथील नव्या देवळांत आले. त्यांतील एका स्त्रीनें फादर पतिजां ह्यांस हळूच विचारिलें, पवित्र मरीयेची मूर्ति कोठें आहे?