अक्षहृदय आणि कलीचा डाव : कुंडिनपुराच्या कथेतील विद्येच्या मर्यादा

खेळात एका पक्षाच्या हाती अमर्याद सामर्थ्य आले की खेळ संपतो, उरते ती केवळ एकाची सत्ता. हा प्रश्न अर्वाचीन काळी एका विशिष्ट खेळाच्या निमित्ताने पुष्कळ चर्चिला गेला आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. यात खेळणारे वीर, चोर, मांत्रिक इत्यादींच्या भूमिका घेऊन मेजाभोवती बसतात, एक जण निवेदक होतो आणि संशयाच्या जागी फासे टाकून निर्णय करितात. यातील मांत्रिक वरच्या पायरीस पोहोचला म्हणजे शस्त्रधारी वीर त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतो, ही अडचण लवकरच ध्यानात आली. तिच्या परिहाराचा इतिहास आणि आपल्या वऱ्हाडाशी निगडित असलेली नलकथा ही एकमेकांशेजारी ठेवून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम अर्वाचीन उपाय पाहू. जॅक व्हान्स या कथालेखकाच्या 1950 मधील ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून या खेळाने अशी कल्पना उचलली की, पाठ केलेला मंत्र एकदा उच्चारला की स्मृतीतून नाहीसा होतो. ही संख्येची मर्यादा झाली. 1978-79 च्या ग्रंथांत दुसरी मर्यादा आली, ती मोलाची : इच्छापूर्तीचा मंत्र वापरणाऱ्याचे वय तीन वर्षांनी वाढे. 2000 सालच्या आवृत्तीत याच मंत्रासाठी साठविलेल्या अनुभवगुणांतून मोठा हप्ता द्यावा लागे. 2014 च्या आवृत्तीत तिसरी मर्यादा प्रमुख झाली : दीर्घकाळ चालणाऱ्या पुष्कळशा मंत्रांना एकाग्रता लागते, आणि एका वेळी अशा एकाच मंत्रावर चित्त ठेवता येते. संख्या, मोल व अवधान अशी ही त्रयी होय.

आता नलोपाख्यान. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिरास ही कथा सांगतात. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या, तिची नगरी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी असलेले कौंडण्यपूर तेच, अशी परंपरा आहे. रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकास स्वयंवर चांगले परिचित आहे. प्रस्तुत विषयास महत्त्वाचा भाग मात्र त्यानंतरचा आहे.

स्वयंवरप्रसंगी इंद्र, अग्नी, वरुण व यम यांनी नलास प्रत्येकी दोन, असे आठ वर दिले. अग्नी व जल इच्छामात्रे सिद्ध व्हावे, अन्नास उत्तम रस यावा, असे हे वर होत. त्यांतील एकही वर द्यूतास लागू पडत नाही. आठ वरांचा धनी असलेला हा राजा पुष्कराशी अनेक महिने खेळून राज्य गमावतो. पुढे बाहुक नावाने सारथ्य व पाककर्म करीत असता हेच वर त्याची ओळख पटविण्यास कारण होतात, डाव जिंकण्यास नव्हे. सामर्थ्य दिले, पण त्याचे क्षेत्र आखून दिले, ही कथाकाराची पहिली योजना.

प्रतिपक्षावरही मर्यादा आहेच. नलाच्या शरीरात शिरण्यास कलीला बारा वर्षे थांबावे लागले. एकदा पाय न धुता नल संध्येस बसला, तेव्हाच त्यास वाट मिळाली. येथे भाषेची साक्ष उपयोगी पडते. कृत, त्रेता, द्वापर व कली ही युगांची नावे होण्यापूर्वी फाशांच्या डावांची नावे होती. प्राचीन द्यूतात बिभीतकाची फळे वापरीत, आणि उचललेली फळे चारांनी भागली असता शेष न उरल्यास कृत, एक उरल्यास कली, असे हे गणित असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे नलाच्या अंगात शिरला तो मुळात हरण्याचा डावच होय. ‘अंगात कली शिरणे’ या मराठी वाक्प्रचारात तो अर्थ आज लोपला आहे. बिभीतक म्हणजे आपला बेहडा. मेळघाटच्या अरण्यात तो उगवतो, अमरावती-अकोल्याकडे त्रिफळ्यातील एक फळ म्हणूनच लोक त्यास ओळखतात.

ही व्युत्पत्ती ध्यानी घेतली म्हणजे अक्षहृदयाचे स्वरूप उलगडते. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण कुंडिनपुराकडे येत असता वाटेतील बिभीतकाच्या दोन फांद्यांवर 2095 फळे असल्याचे सांगतो. नल मोजून पाहतो, आणि संख्या बरोबर ठरते. अशी त्वरित गणना ज्यास साधली त्यास उचललेल्या फळांचा शेष तत्काळ कळणारच. तेव्हा अक्षहृदय ही जादू नव्हे, ती संख्याविद्या होय, आणि म्हणून ती शिकविता येते. इयान हॅकिंग यांनी 1975 मधील संभाव्यतेच्या इतिहासावरील ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली, ती याच कारणाने.

ऋतुपर्ण ही विद्या नलास देतो. बदल्यात अश्वहृदय, म्हणजे अश्वविद्या, घेण्याचे ठरते. अक्षहृदय मिळताच कली नलाच्या देहातून बाहेर पडतो व बेहड्यात आश्रय घेतो. पुढे नल एकाच डावात पुष्करास जिंकतो, परंतु त्याचा वाटा त्यास परत देऊन सन्मानाने पाठवितो. शेवटी बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिरास देतात. ज्या सभेत शकुनीची विद्या एकतर्फी ठरली होती, तिची उणीव येथे भरून निघते.

महाकाव्य हे नियमपुस्तक नव्हे, हे मान्य केले पाहिजे. युधिष्ठिर या विद्येच्या बळावर शकुनीस पुन्हा आव्हान देत नाही, विराटाच्या सभेत कंक होऊन तो राजाचा खेळगडी होतो. तथापि या कथेचा सामान्य अर्थ ‘द्यूत वाईट’ एवढाच घेतला जातो, तो अपुरा वाटतो. द्यूत निंद्यच असते, तर ऋषीने त्याचे रहस्य धर्मराजास का द्यावे? अर्वाचीन नियमकर्त्यांनी विद्येस संख्या, मोल व अवधान यांची बंधने घातली. नलकथेने क्षेत्र आखले, अपात्रतेचे छिद्र ठेवले, आणि शेवटी एक निराळाच मार्ग दाखविला. प्रबळ विद्या तोडून लहान न करिता ती दुसऱ्या पक्षासही शिकविली. खेळाचा तोल विद्येच्या बंदीने जितका राखला जातो, त्याहून अधिक तो तिच्या देवघेवीने राखला जातो, हे कुंडिनपुराच्या वाटेवर उमगलेले तत्त्व होय.