कावडीचा तोल, विमानाचा तोल

वाचकहो, कावड वाहणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. एक घागर जड असली, की तो काठी सरकवतो आणि खांदा जड घागरीकडे आणतो. विमानाचेही तसेच आहे बरे!

१८७१ साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो या २१ वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे चिमुकले विमान उडवले. मागच्या आडव्या शेपटीने तोल धरला आणि विमान ११ सेकंद आपले आपण उडाले.

१९३७ मध्ये अमेरिकेतील कॅलमझू गावी वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी ८ फुटी पंखांचे विमान रेडिओने चालवले. आता विमानाच्या पोटात यंत्र आले, बॅटऱ्या आल्या. ते ओझे कुठे ठेवायचे, हा खरा प्रश्न! ओझे फार पुढे गेले, तर नाक उचलत नाही. फार मागे गेले, तर विमान हातात राहत नाही.

कोलांट्या घेणाऱ्या आजच्या मोठ्या मॉडेल विमानांनाही यातून सुटका नाही. इंजिन किंवा शेपटी बदलली, की दोघांनी पंखांखाली बोटे देऊन विमान उचलायचे आणि तोल पाहायचा. शेपूट जड निघाले, तर शिसे बांधण्याआधी बॅटरी पुढे सरकवावी. वजन न वाढता काम होते.

गुरुजी, एक पट्टी, दोन खडू आणि एक बोट. एवढ्यावर हा धडा वर्गात होईल. करून पाहा.